तिरका दात

खट्कन आवाज झाला आणि टोस्टरमधून पावाचे दोन तुकडे वर आले.

टेबलाभोवतीची सगळी दचकली. पाव काढायला मात्र कुणी उठलं नाही. एवढी माणसं एकत्र बसून इतका वेळ गप्प राहायची या घराला सवय नव्हती, आणि एकदा गप्प झाल्यावर आधी कोण बोलणार हे ठरवायचीही. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या निळ्या डबीवर होते. साबणाची असावी तेवढी डबी. ती ठेवली होती थोरल्या जावयाने, आणि ठेवून झाल्यावर तो स्वतःच्या हातांकडे असा बघत बसला होता, जणू ते हात कुणीतरी तिथे विसरून गेलंय.

"टिटवे," बाबा म्हणाले, "तुझ्या काकांना विचार, यात काय आहे."

टिटवी आपल्या आईच्या, छोटीच्या मांडीवर बसून दुधात बोट बुडवत होती. काका तिच्या शेजारच्या खुर्चीत होते आणि आजोबा त्यांच्या अगदी समोर. तरी तिने इमानाने निरोप पोचवला. सासऱ्याने जावयाशी बोलायचं ते कुणाच्या तरी मार्फत, ही घरातली रीतच होऊन बसली होती, आणि बोलता यायला लागल्यापासून ती नोकरी टिटवीकडे आली होती.

"काका, यात काय आहे?"

"दात."

"कुणाचे?"

"आजोबांचे."

"आजोबा, यात तुमचे दात आहेत."

"ऐकलं मी. म्हणावं, तोंडात आहेत तेवढे पुरेत."

धडामआजोबा खो खो हसले. हे बाबांच्या बँडमधले ड्रमवाले. हाती लागेल त्या वस्तूवर ठेका धरायची खोड म्हातारपणीही गेली नव्हती, म्हणून टिटवीने त्यांचं हे बारसं केलं होतं. आत्ताही दोन चमचे त्यांच्या बोटांत होते आणि बशीच्या काठावर हलकेच काहीतरी चाललं होतं.

"कप्तान, उघडून तर बघ," ते बाबांना म्हणाले. "दात आहेत, साप नाही."

दातांचं प्रकरण घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याचं नाव काढत नसे. हिरड्या सुटल्या, बाबांचे वरचे पुढचे दात हलायला लागले, काढावेच लागले. काढले जावयानेच. घरात दातांचा डॉक्टर असताना परक्याकडे कोण जाईल? मग त्याने खपून सासऱ्यासाठी अशी कवळी केली की येणारे-जाणारे थांबून बघायचे. बाबांचा पुढचा एक दात जन्माचा तिरका होता, शेजाऱ्याच्या खांद्यावर रेलून उभा राहावा तसा. जावयाने हौसेने तोही सरळ केला. मोत्यांची रांग. आणि त्या दिवसापासून बाबांना ट्रंपेट वाजवता आलं नाही. माउथपीस ओठांवर टेकवला की वारा बाजूने निसटायचा, आणि जो सूर निघायचा तो कुणा परक्याचा. थोडे दिवस त्यांनी झटापट केली, मग ट्रंपेटची पेटी गाद्यांच्या कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिली. "वय झालं," एवढंच म्हणाले. जावयाशी भांडले असते तर बरं झालं असतं. ते त्याच्याशी बोलायचेच थांबले.

"जुन्यासारखे केलेत," डॉक्टर डबीकडे बघत म्हणाले. "काढायच्या आधी मी प्लास्टरचा साचा घेतला होता. दवाखान्याच्या माळ्यावर होता. तिरका दात आहे तसाच ठेवलाय. फटीसकट."

छोटीने बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हलला नाही, पण वरचा ओठ आतल्या आत एकदा दातांवर दाबला गेला. हे ती लहानपणापासून बघत आली होती. वाजवण्याआधी ते असंच करायचे.

म्हणजे आता नाही म्हणायला बाबांकडे काही उरलं नाही. आणि छोटीकडेही नाही.

जुन्या हॉटेलातला नाचाचा हॉल शनिवारी पुन्हा उघडणार होता. इतकी वर्षं तिथे मोडक्या खुर्च्यांची रास होती. नव्या मालकाला हौस, की पहिल्या संध्याकाळी जुन्या बँडनेच वाजवावं. जुना बँड म्हणजे उरला किती? सॅक्सोफोनवाले मुलाकडे दूरदेशी, बास वाजवणारे कायमचे गेले. ट्रंपेट, ड्रम आणि छोटीचा पियानो, एवढेच. धडामआजोबा निमंत्रण घेऊन आले तेव्हा बाबांनी उडवून लावलं होतं. "दात सरळ झाले आणि मी वाकडा. मला नको सांगू." फारच गळ पडली तेव्हा म्हणाले, "आणि पियानोवर कोण? छोटी बसणार असेल तर विचार मला."

सगळ्यांना वाटलं, नाही म्हणायची ही सभ्य पद्धत. छोटीने टिटवीच्या जन्मापासून पियानोचं झाकण उघडलं नव्हतं. बाबा दातांच्या आड उभे होते आणि छोटी टिटवीच्या. दोघांनाही आपापली जागा बरी वाटत होती.

आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

बाबांनी डबी उचलली, उघडली नाही, खिशात टाकली आणि उठले. न्हाणीघराच्या दारात थांबून म्हणाले, "टिटवे, काकांना सांग, कानस बरोबर आणली असेल तर या म्हणावं."

*

छोटीची ताई, म्हणजे डॉक्टरांची बायको, बशा विसळत होती, जरा जास्तच आवाज करत.

"तुला माहीत होतं?" छोटीने फडकं घेत विचारलं.

"काल रात्री कळलं. रोज दवाखाना बंद झाल्यावर मागच्या खोलीत दिवा. मला म्हणायचा, मेणाचं काम राहिलंय." ताईने एक बशी छोटीच्या हातात दिली, दिली म्हणजे आपटली. "तो साचा हातात घेऊन बसायचा, छोटे. भिंगातून बघत. म्हातारा माणूस देवाच्या मूर्तीकडे बघतो ना, तसा."

"चांगलंच केलं की भावोजींनी."

"चांगलं! आणि पुन्हा नाही जमलं तर? एकदा सासऱ्याचा सूर काढून घेतला हे पाप डोक्यावर घेऊन फिरतोय. दुसऱ्यांदा तेच झालं तर त्याला घरी मी न्यायचंय. तू नाही."

"पाप कुणी म्हटलंय?"

"म्हटलं नाही तेच तर! शिवी दिली असती बाबांनी, तर पुसून टाकली असती. गप्प बसण्याचं काय करू? कशाने पुसू?"

छोटी काही बोलली नाही. ताईला तिच्या त्या न बोलण्याचाही राग आला. या घरातली वाजवणारी माणसं सगळी अशीच. बोलायची वेळ आली की ओठ मिटून बसायची, जणू सगळं बोलणं दुसऱ्या कशासाठी तरी राखून ठेवलंय. ताईला लहानपणी टाळीसुद्धा ठेक्यात वाजवता यायची नाही. ड्रमवाले काका म्हणायचे, हिला टाळी वाजवायला सांगू नका, टाळी बुजते. सगळे हसायचे, तीही हसायची. हॉलमधून परतताना पेंगुळलेल्या छोटीला खांद्यावर टाकून आणायचं काम तिचं. मोठेपणी नवरा शोधला तोही बेसूर, आणि या सुरेल घरात दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"आणि तू गं?" ती नळ बंद करून म्हणाली. "बाबांचं एक समजलं. तुझे तर सगळे दात शाबूत आहेत."

"टिटवी..."

"टिटवी बालवाडीत जाते. टिटवी झोपते. टिटवी माझ्याकडे हसत राहते. अजून किती खपवशील तिच्या नावावर?"

"तुला नाही कळायचं, ताई."

"नाहीच कळायचं. मला काय कळतं? मला टाळी येत नाही."

छोटीला हसू फुटलं, मग ताईलाही, आणि हसता हसता छोटीचे डोळे भरून आले. "मी बसले होते गं एकदा," ती म्हणाली. "ती दोन-अडीच महिन्यांची असताना. झोपली होती. झाकणाला हात लावला आणि वाटलं, मी आत गेले आणि ती रडली, तर मला ऐकू येणार नाही. मला तिथे काहीच ऐकू येत नाही, तुला माहितीय. त्याची भीती वाटली. मग हात मागे घेतला तो घेतलाच."

ताईने ओले हात तसेच तिच्या दंडावर ठेवले. "आता रडली तर घरात ऐकायला पाच माणसं आहेत," ती म्हणाली. "येडे."

*

न्हाणीघरातल्या दिव्याखाली डॉक्टरांना पहिल्यांदा बरं वाटलं. इथे आरसा होता, नळ होता, स्टुलावर बसलेला पेशंट होता. पेशंट सासरा आहे हे क्षणभर विसरता येत होतं.

"आ करा."

बाबांनी आ केला. जुनी कवळी निघाली, पेल्यात पडली. डॉक्टरांनी नवी अंगठ्याने वर दाबून बसवली. चार दात, दोन्ही बाजूंच्या दाढांना धरणाऱ्या बारीक तारा, आणि मधला तो एक, पुढे आलेला, शेजाऱ्यावर रेललेला. आयुष्यात हजार लोकांचे वाकडे दात त्यांनी सरळ केले होते. सरळ दात मुद्दाम वाकडा करायचा, हे मात्र हाताला पटत नव्हतं. दर वेळी मेणात तो दात बसवला की बोट आपणहून त्याला आत ढकलायचं. चार वेळा त्यांनी तो मोडून पुन्हा बसवला होता.

"चावा. उघडा. परत चावा. कसं वाटतं?"

"आं ओ आं."

"काय?"

बाबांनी त्यांचा हात तोंडातून बाजूला केला. "टोचतंय. डावीकडे. वर."

डॉक्टर थांबले. मध्ये टिटवी नव्हती. बाबांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी नळ सोडून उगाच हात धुतले.

कवळी काढून डॉक्टरांनी कानशीने कड घासली. गुलाबी भुकटी बेसिनमध्ये पडत राहिली. खाली मान घालूनच ते म्हणाले, "मला एकदा सांगायचं होतंत, बाबा. त्या दातावर तुमचं सगळं आहे म्हणून. मी हात लावला नसता."

"मला तरी कुठे माहीत होतं?"

कानस थांबली.

"खरंच सांगतो. पोरवयापासून वाजवतोय, कधी आरशात बघितलं नाही. मला वाटायचं, सूर छातीतून येतो. ओठांतून येतो. लोक म्हणायचे, काळजातून येतो, तेही खरं वाटायचं." बाबा आरशातल्या स्वतःच्या बोळक्या तोंडाकडे बघत होते. "दात गेल्यावर कळलं, माउथपीस त्या तिरक्यावर टेकत होता. सगळी कला त्या एका वेड्या दाताची. मग तुला काय सांगू? माझे दात सुंदर केलेस म्हणून जावयाशी भांडू? लोक हसले असते."

"मग बोलणं का सोडलंत?"

बाबांनी पेल्यातल्या जुन्या कवळीकडे बघितलं. "तुझ्याकडे बघितलं की तोंड उघडावं लागायचं," ते म्हणाले. "आणि तोंड उघडलं की तुझे दात."

डॉक्टरांनी कड पुन्हा घासली. आता घासायला काही उरलं नव्हतं, पण वर बघवत नव्हतं.

"आण इकडे," बाबा म्हणाले. "किती गुळगुळीत करशील? तेवढंच एक तुझं वाईट आहे, थांबायचं कळत नाही."

*

बाबा ट्रंपेट घेऊन पुढच्या खोलीत आले, तशी ताई-छोटीची आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने मागे दार लावून घेतलं.

"वहिनी, अहो हे काय?" धडामआजोबा ओरडले.

"मला इथूनच ऐकू येतं," ती आतून म्हणाली.

आणि खरंच तिला तसंच ऐकू यायचं. लग्नाआधी ती त्याच हॉटेलात कोट सांभाळायच्या खिडकीत होती. लोक आले की कोट घ्यायचे, बिल्ला द्यायचा, गेले की कोट परत. हॉल भिंतीच्या पलीकडे. ट्रंपेट वाजवणारा माणूस कसा दिसतो हे तिला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. पण तो आज जेवून आलाय की उपाशी, कुणाशी भांडलाय, खुशीत आहे का, हे तिला भिंतीतून कळायचं. शेवटी एक संथ चीज असायची. ती सुरू झाली की लोक कोट मागायला यायचे, म्हणून ती तिला कोटांची धून म्हणायची, आणि पुढे बँडवालेही म्हणायला लागले. आधी एकटं ट्रंपेट, उंचावरून एक लांब सूर, मग पियानो खालून त्याला हात द्यायचा. तेवढा वेळ तिचे हात चालायचे आणि डोळे मिटलेले असायचे. एकदा तर तिने एका गृहस्थांना बाईमाणसाचा कोट दिला होता.

आता ती ओट्याला टेकून उभी राहिली.

आधी बटणांचा आवाज आला. तेल दिलेलं होतं, तरी मधलं अडकत होतं. मग नुसता वारा. मग एक भसाडा, ओला आवाज, आणि टिटवीचं हसू, आणि ताईचं "शू."

पुन्हा. या वेळी सूर निघाला. आईने डोळे मिटले. तिरका, किंचित घोगरा, एका कडेने उजळलेला. तोच. जावयाने तो कुठूनतरी शोधून आणला होता. तिच्या हातातलं फडकं आपोआप घडी व्हायला लागलं.

मग त्याने तो उंच सूर घ्यायचा प्रयत्न केला, कोटांच्या धुनेचा पहिला. सूर जिन्यावर चढला, मध्ये थांबला आणि फुटला. पुन्हा चढला, पुन्हा फुटला. दात परत आले होते, पण ओठांनी वाट बघितली नव्हती. ते कधीच म्हातारे झाले होते.

पलीकडे ट्रंपेट पेटीत ठेवल्याचा आवाज आला.

"झालं," बाबांचा आवाज. "दात चोख आहेत. टिटवे, काकांना सांग, त्यांची काही चूक नाही. मालच जुना आहे."

"उगाच घाई केली," ताई म्हणाली. तिचा आवाज उंच आणि पातळ झाला होता. "अहो, चला आपण. बाबांना आराम करू दे."

"थांब गं," डॉक्टर म्हणाले. आईला आठवेना, या माणसाने या घरात बायकोला 'थांब' कधी म्हटलं होतं.

"शनिवारचं नाही म्हणून कळव त्यांना," बाबा म्हणाले. पेटीची कडी वाजली.

आईने दाराच्या मुठीवर हात ठेवला. भिंतीच्या अलीकडून ऐकायची सवय. पलीकडे जाऊन काही सांगायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

*

पियानोवर इस्त्रीचे कपडे होते, औषधांची टोपली होती, टिटवीचा एक बूट होता. छोटीने ते सगळं उचलून ताईच्या हातात दिलं. ताईने न बोलता घेतलं. टिटवी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

झाकण उघडलं तेव्हा आतून जुन्या लाकडाचा आणि बंद खोलीचा वास आला. छोटीने बोटं ठेवली. पांढऱ्या पट्ट्या गार होत्या. तिला वाटलं होतं, आठवावं लागेल. हातांनी तिला विचारलंसुद्धा नाही. डावा हात खाली गेला, उजवा थोडा मागे रेंगाळला, बाबांनीच शिकवलं होतं तसा, कुणीतरी येतंय म्हणून दार किलकिलं ठेवावं तसा. काही सूर उतरलेले होते. एक पट्टी दाबली की वर येत नव्हती. तिने ती ओलांडून जायचं ठरवलं आणि त्या ओलांडण्यातूनच एक नवी वळणाची जागा झाली.

धडामआजोबांनी वर्तमानपत्र मांडीवरच्या ट्रेवर पसरलं, कपड्यांचा ब्रश घेतला आणि त्यावरून फिरवायला लागले. शुक, शुक-शुक. शुक, शुक-शुक.

बाबा पेटीची कडी हातात धरून उभे होते. "ही कुठली पट्टी?"

छोटीने मागे बघितलं नाही. "का?"

"कोटांची धून इतक्या खाली कधी वाजवलीय आपण? ती वरून सुरू होते."

"माझी बोटं गंजलीत. मला इथूनच जमेल. यायचं तर या, नाहीतर मी एकटी वाजवते."

ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्या खोलीत तिला आणि बाबांनाच कळत होतं. तिची बोटं कुठूनही सुरू करू शकली असती. पण बाबांना कुणी खाली उतरायला हात दिला असता तर त्यांनी तो झटकला असता. तीच खाली जाऊन बसली, आता त्यांनी लेकीला सोबत करायची होती.

"पोरीला सराव नाही," बाबा धडामआजोबांना म्हणाले. "सांभाळून घ्यावं लागेल."

"घे की मग. बडबडतोस किती?"

ते आले. उंचावरून नाही. माणूस सकाळी उठून अंधारात भिंतीला हात लावत चालतो, तसे आले. एक सूर, मग थांबणं, मग दुसरा. पूर्वी जिथे ते दहा सूर भरायचे तिथे आता दोन ठेवत होते आणि मधली जागा तिच्यासाठी सोडत होते. छोटी त्या जागेत शिरली. एका वळणावर त्यांचा सूर फाटला, आणि तिने खाली तसाच एक फाटका सूर मुद्दाम लावला, म्हणजे ते तसंच असायचं होतं असं झालं. बाबांच्या नाकातून हसू निसटलं. ट्रंपेटमधून ते ऐकू आलं. मग त्यांनी तो फाटका सूर पुन्हा, आता जाणूनबुजून, आणि तिने उत्तर, आणि ब्रश वर्तमानपत्रावर घाईला आला. तिला जुना हॉल दिसला, उजळलेला, वाद्यांवर दिव्यांचे ठिपके, ती पियानोच्या बाकावर नवी-नवी बसलेली आणि बाबा अर्धवट वळून भुवई उंचावतायत: आता तू. ती गेली. किती वेळ गेली तिला कळलं नाही. खोली नव्हती, आवरायचं काही नव्हतं, कुणाला भूक लागलेली नव्हती.

शेवटचा सूर बाबांनी धरला नाही, नुसता खाली ठेवला.

स्वयंपाकघराचं दार उघडून आई उंबऱ्यात उभी होती.

"अगं, कसं होतं?" बाबांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे तिला कधी विचारलं नव्हतं.

"म्हातारा झालाय तो," आई म्हणाली. तिने पदर सारखा केला. "पण तोच आहे. आणि आज उपाशी आहे. तो पाव गार झाला, खाल्ला नाहीत."

ताई इस्त्रीच्या कपड्यांत तोंड खुपसून रडत होती. डॉक्टर तिच्या पाठीवर थोपटत होते, अगदी बिनठेक्याचं.

"डॉक्टर," बाबा म्हणाले, सरळ, मध्ये कुणाला न घेता, "शनिवारी पुढच्या रांगेत बसायचं. पक्कड खिशात ठेवा. एखादी तार सुटली तर पंचाईत."

"कळवू मग त्यांना?" धडामआजोबांनी ब्रश वर धरला.

"मला काय विचारतोस? पियानोला विचार."

सगळे छोटीकडे वळले. तिचा श्वास अजून खाली आला नव्हता. गाल तापले होते, मानेवर केस चिकटले होते, बोटं पट्ट्यांवरून उचलवत नव्हती. ती हसत होती आणि हसते आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

"कळवा," ती म्हणाली. "हो म्हणून."

एकदम गलका झाला. त्या गलक्यात तिला कोपराशी एक हात जाणवला. टिटवी बाकाजवळ येऊन उभी होती, कधीची कुणास ठाऊक. ती रडली नव्हती. हाक मारली असेल तर छोटीने ऐकली नव्हती. छोटीचा चेहरा ती टक लावून बघत होती, पाहुण्या बाईचा बघावा तसा, जवळून, नीट, आवडल्यासारखा आणि थोडा लांबचा.

"आई," तिने हळूच विचारलं, "मी नव्हते तेव्हा तू रोज अशी असायचीस?"